चालण्याचा नवस

आमच्या शाळेत तिसरीला शिकवणाऱ्या एक बाई आहेत. गेल्या महिन्यात मधल्या सुट्टीत त्यांनी मला पाण्याच्या टाकीमागे बोलावलं आणि इकडेतिकडे बघत विचारलं, "बोरस्तेबाई, तुम्हाला मागे ते झालं होतं ना, माझ्या बहिणीला तेच झालंय. तुम्ही बऱ्या कशा झालात?" मी सांगायला सुरुवात केली आणि घंटा झाली. दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरुवात केली, पुन्हा घंटा. शेवटी म्हटलं, लिहूनच देते. लिहायला बसल्यावर वाटलं, टाकीमागे बोलवायला प्रत्येकाजवळ कोणी असतंच असं नाही. तेव्हा इतरांनीही वाचायला हरकत नाही.

'ते' म्हणजे नैराश्य. डॉक्टर डिप्रेशन म्हणाले होते. ही ऐंशी-एक्क्याऐंशी सालची गोष्ट. तेव्हा मी छत्तीस वर्षांची होते, नगरपालिकेच्या शाळेत चौथीचा वर्ग माझ्याकडे होता, आणि गुण देण्यात माझा हात आखडता आहे अशी माझी ख्याती होती. आजही आहे.

मिसळ नको झाली

लोकांना वाटतं, हा आजार म्हणजे सारखं रडणं. मी रडले नाही. रडू आलं असतं तर मला बरं वाटलं असतं. माझं उलटंच झालं. मला काही वाटेनासंच झालं.

सर्दीने नाक चोंदलं की जेवण कसं लागतं? घास चावला जातो, गिळला जातो, पण खाल्लं काय ते कळत नाही. माझा सगळा दिवसच तसा झाला होता. रविवारी हे मिसळ घेऊन यायचे. एरवी तर्रीवरून आमच्यात भांडणं व्हायची. त्या पावसाळ्यात एका रविवारी मी माझी वाटी तशीच त्यांच्याकडे सरकवली. त्यांना आधी आनंद झाला. तिसऱ्या रविवारी मात्र ते घाबरले. नाशिकची बाई मिसळ नको म्हणते म्हणजे काहीतरी गंभीर आहे, हे त्यांना माझ्याआधी कळलं.

शाळेत पोरं पाढे म्हणायची, ते ऐकणं हे माझं एरवीचं सुख. आता नुसता गलका ऐकू यायचा. सकाळी अंथरुणातून पाय खाली ठेवायचा म्हणजे कोणीतरी मोठं काम सांगितल्यासारखं वाटायचं. केस विंचरायचे राहून जायचे.

आणि मंजू. माझी मुलगी. आठ वर्षांची, एकुलती एक, फार बडबडी. ती शाळेतून येऊन गळ्यात पडायची आणि मी तिच्या पाठीवर हात ठेवायचे. हात ठेवायचा असतो हे माहीत होतं म्हणून ठेवायचे. हे लिहिताना आजही मला शरम वाटते, पण ज्या बाईला हा आजार झालाय तिला नेमकं हेच कोणी सांगत नाही, म्हणून लिहिते. तुमचं प्रेम आटलेलं नसतं. ते तुमच्यापर्यंत पोचत नसतं, इतकंच.

भाऊबीज

माझे थोरले भाऊ रंगनाथदादा दिंडोरीजवळ शेती करतात. त्या वर्षी ते भाऊबीजेला आले, पाटावर बसले, आणि मी ताट हातात घेऊन उभीच राहिले. पुढे काय करायचं ते आठवेना असं नव्हतं. करावंसंच वाटेना. शेवटी माझ्या सासूबाईंनी माझा हात धरून दादांना ओवाळलं. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. पुढे त्यांचं नाव पुष्कळदा येणार आहे.

जाताना दादा मंजूला सुट्टीपुरतं घेऊन गेले. सुट्टी संपली तरी तिला परत आणायचं कोणी नाव काढलं नाही. तिचं नाव तिकडच्याच शाळेत तात्पुरतं घातलं. दादांनी पत्रात लिहिलं, "पोर रुळली आहे. जूनपासून इथेच कायमचा दाखला घेऊ. शालूने काळजी करू नये."

मी काळजी केली नाही. घर शांत झालं म्हणून मला सुटल्यासारखं वाटलं. यांनी ते पत्र माझ्यापुढे दोनदा वाचलं, दोन्ही वेळा माझ्या तोंडाकडे बघत. मग पत्र घडी करून खिशात ठेवलं आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले.

डोळे दाखवायला

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, टॉनिक दिलं, ताकदीसाठी म्हणून यकृताची इंजेक्शनं दिली. शेवटी त्यांनीच मनाच्या डॉक्टरांकडे चिठ्ठी दिली. कॉलनीत यांनी सांगितलं, "हिचे डोळे दाखवायला चाललोय."

दवाखान्यात बाकावर माझ्या एका विद्यार्थ्याचे वडील बसले होते. मला बघून ते ताडकन उठले आणि म्हणाले, "बाई, मी आपलं सहजच... डोळे दाखवायला." मी म्हटलं, "मीही." मग आम्ही दोघं पाऊण तास समोरच्या भिंतीकडे बघत बसलो. त्या दवाखान्यात डोळ्यांचे रुग्ण फार यायचे.

डॉक्टर पन्नाशीचे, चहा बशीत ओतून पिणारे. नाव लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही. त्यांनी मला झोप, भूक विचारली. जगायचा कंटाळा येतो का, तेही सरळ विचारलं. मी हो म्हटलं. ते दचकले नाहीत, त्यामुळे मला पुढचं बोलता आलं. मग त्यांनी विचारलं, "मुलीची आठवण येते?"

मी म्हटलं, "नाही."

शेजारी बसलेल्या यांनी मान खाली घातली. डॉक्टर मात्र शांतपणे म्हणाले, "हा आजार आहे, बाई. तुम्ही वाईट आई नाही. मलेरियात थंडी वाजते तसं यात आवड जाते. परत येते."

मला तेव्हा त्यांचं खरं वाटलं नाही. पण घरी येताना यांनी माझा हात धरला, भर रस्त्यात, अशोकस्तंभाजवळ. लग्नाला तेरा वर्षं झाली होती आणि असं त्यांनी कधी केलं नव्हतं. ते रडत होते. आजाराला नाव मिळालं म्हणून त्यांचा जीव भांड्यात पडला होता.

बारा दिवस

पहिल्या गोळ्या नीट लागू पडेपर्यंत मला बारा दिवस दवाखान्यात ठेवलं. सहाला चहा, सातला गोळ्या, गोळी गिळली का बघायला जीभ दाखवायची. मी आयुष्यभर पोरांना वही दाखवायला लावली, आता माझी पाळी होती. दुपारी भात-वरण. चारला पुन्हा चहा. खिडकीतून शेजारच्या इमारतीचा जिना दिसायचा, त्यावरून कोण चढतं कोण उतरतं ते मी बघत बसायचे.

भीती वाटायची ती एकाच गोष्टीची, की ही खोली आता कायमची. तिथल्या आयाबाईंना सगळ्या मावशी म्हणायच्या. पेठकडच्या कुठल्याशा पाड्यावरच्या होत्या. चौथ्या दिवशी त्या तेलाची बाटली घेऊन माझ्या मागे येऊन बसल्या आणि न विचारता माझ्या केसांतला गुंता सोडवायला लागल्या. अर्धा तास लागला. वेणी घालून झाल्यावर म्हणाल्या, "आता कशी मास्तरीण दिसती." मला काही वाटलं नाही. पण त्यांचे हात डोक्याला लागले ते अजून आठवतात.

सगळ्यांनी मला आराम दिला

घरी आल्यावर जे झालं ते आपल्याकडे घरोघरी होतं. आजारी माणसाला आराम द्यायचा. आत्याबाईंनी स्वयंपाक घेतला. यांनी पाणी भरणं, दळण, भाजी सगळं घेतलं. शाळेने रजा वाढवून दिली. शेजारच्या बायका पाळीने डबे आणायच्या. मी उठून कप विसळायला गेले तरी तिघी धावायच्या, "बाई, राहू द्या, तुम्ही पडा."

मी पडले. पडून पडून आणखी खचले. अख्ख्या कॉलनीने इतक्या मायेने मला अंथरुणाला खिळवलं की तक्रार तरी कोणाकडे करायची?

जानेवारीत डॉक्टरांनी तपासलं आणि बशी खाली ठेवली. "गोळ्या चालू राहतील. पण आता रोज चालायचं. पाऊण तास, भराभर. शेजाऱ्याशी गप्पा मारता येणार नाहीत इतक्या वेगाने."

मी म्हटलं, "डॉक्टर, मला चालावंसंच वाटत नाही."

"वाटायची वाट बघू नका. तुमच्या आजारात ते आधी येत नाही. आधी पाय निघतात, आवड त्यांच्या मागून येते. उशिरा येते, पण येते." मग त्यांनी मला वही करायला सांगितली. निघताना मनाला दहापैकी किती गुण, परत आल्यावर किती. "गुण देता येतात ना?"

तेवढं एक मला येत होतं.

बसा, सोडतो

पहिल्या दिवशी मी गंगापूर रस्त्याला लागले. शंभर पावलं गेले असेन. यांच्या कचेरीतले एक गृहस्थ स्कूटर थांबवून म्हणाले, "वहिनी, आजारपणात पायी कुठे? बसा." मी म्हटलं, "चालायलाच निघालेय." ते हसले. त्यांना वाटलं, मी संकोच करतेय. शेवटी मी बसले. त्यांनी मला घराच्या दारात आणून सोडलं.

दुसऱ्या दिवशी सोमनाथ भेटला. हा माझ्या पहिल्या तुकडीतला, आता टांगा चालवणारा. त्याने घोडा आडवा घातला. "बाई, लाज वाटती हो. आमची बाई पायी आणि आम्ही टांग्यात? लोकं काय म्हणतील?" मी नको म्हटलं तर त्याचा चेहरा पडला. टांग्यात बसले. तिसऱ्या दिवशी एका पालकांची सायकल, चौथ्या दिवशी पुन्हा सोमनाथ. मला तेव्हा कोणाशी हुज्जत घालायचं त्राण नव्हतं. कोणी बसा म्हटलं की मी बसायचे.

दोन आठवड्यांनी डॉक्टरांनी वही बघितली. निघताना शून्य, आल्यावर शून्य. चौदा दिवस. "बाई, तुमच्या वर्गात पास कोण होतं?" त्यांनी विचारलं. मग सोबत आलेल्या आत्याबाईंनी खरं काय ते सांगितलं. चौदा दिवसांत मी चालले होते एकूण दोन दिवस. उरलेले बारा दिवस माझी व्यायामाला मिरवणूक निघाली होती.

डॉक्टर हसता हसता थांबले. "लोकांना सांगा ना, औषध म्हणून चालतेय."

"कसलं औषध म्हणून विचारतील ना," आत्याबाई म्हणाल्या. ते खरं होतं. डोळ्यांसाठी कोणी चालत नाही.

नवस

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याबाई अंघोळ करून कुठेतरी गेल्या आणि दहा वाजता घामाघूम होऊन आल्या. दारातच शेजारणींना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "आनंदवलीच्या नवश्या गणपतीला नवस बोललेय. बरी होईस्तोवर आमची सून रोज तिथं पायी जाणार. गाडीत बसायचं नाय, टांग्यात बसायचं नाय, उंबरा वलांडला की परत येईस्तोवर तोंडातून शब्द काढायचा नाय."

मी आत त्यांना म्हटलं, "आत्याबाई, मी वर्गात विज्ञान शिकवते."

"शिकव की. मी कुठं नको म्हणते?"

"आणि हे सगळं खोटं सांगायचं?"

त्या चिडल्या. "देवाच्या नावानं खोटं बोलंल का मी? खरंच बोलून आले. त्याच्यासमोर उभं राहून बोलले, का हिला गोड ते गोड लागू दे. आणि तवर मी मिसरी सोडली."

आत्याबाई वयाच्या बाराव्या वर्षापासून मिसरी लावत होत्या. सकाळी भाजलेल्या तंबाखूची पूड दातांना घासल्याशिवाय त्यांचं पोट साफ होत नसे आणि डोकं ठिकाणावर येत नसे. मी चपला घातल्या आणि निघाले.

आणि काय सांगू, रस्ता मोकळा झाला. स्कूटरवाले लांबूनच मान लववून जायला लागले. सोमनाथ टांगा बाजूला घ्यायचा आणि मागच्यांना ओरडायचा, "बाईंचा नवस हाय, मधी येऊ नका!" कॉलनीतल्या बायका मला वाट सोडायच्या. डॉक्टरांच्या सांगण्याला ज्यांनी जुमानलं नाही ते नवसापुढे हात जोडून उभे राहिले. माझा नवसावर विश्वास नव्हता, आजही नाही. पण जायला-यायला मिळून सव्वा तास मला कोणी हात लावला नाही, हे श्रेय त्याचंच.

घरी मात्र हाल होते. मिसरी सुटल्यामुळे आत्याबाईंचं डोकं भडकलेलं असायचं. भांडी आपटायच्या, यांच्यावर खेकसायच्या, आणि मी आत आले की रोज एकच प्रश्न, "लागलं का गोड?"

मी नाही म्हणायचे. त्या निःश्वास टाकून पोळ्या लाटायला बसायच्या.

पेरू

वहीत शून्यं चालूच होती. तरी अठराव्या-एकोणिसाव्या दिवशी काहीतरी बदललं. पोटऱ्या दुखत होत्या, ब्लाउज पाठीला घामाने चिकटला होता, आणि नदीकडून गार वारा आला. तो मला लागला. वारा रोजच येत असणार. त्या दिवशी लागला.

तिथे रस्त्याकडेला एक आजीबाई पेरूची पाटी घेऊन बसायच्या. मला रोज बघायच्या. त्या दिवशी त्यांनी पेरू कापला, तिखट-मीठ लावलं आणि माझ्यापुढे धरला. "घ्या नवसाच्या बाई. फळ चालतं."

मला नको होता. पण नको म्हणायला तोंड उघडावं लागलं असतं. हाताने नाही म्हणायला गेले तर त्यांनी त्याच हातात फोड कोंबली. मी ती खाल्ली. दुसरी खाल्ली. अख्खा पेरू संपला तेव्हा माझ्या लक्षात आलं की मला भूक लागली होती. पाच-सहा महिन्यांनी, खरी, पोटातून आलेली भूक.

घरी येऊन वहीत लिहिलं: निघताना शून्य, आल्यावर एक. आत्याबाईंना म्हटलं, "आज पेरू खाल्ला. चांगला होता."

लाटणं थांबलं. "गोड होता?"

"आंबट होता जरा. पण चांगला लागला."

आत्याबाई विचारात पडल्या. हे आतून धावत आले, "आई, झालं की! तिला आवडला! लाव तू मिसरी."

"नाय," आत्याबाई म्हणाल्या. "मी गोड म्हणाले होते. आंबट धरता येत नाय. देवाला बोललं म्हणजे बोललं."

मी त्यांच्याकडे बघितलं. त्या अगदी गंभीर होत्या. माझ्या घशातून काहीतरी आवाज आला. हसण्यासारखा. आम्ही तिघंही त्या आवाजाने दचकलो.

पुन्हा शून्य

हे वाचणाऱ्या कोणाला वाटेल, चला, जमलं. नाही. फेब्रुवारीत वहीत दोन-तीन गुण पडायला लागले, एकदा चार. आणि मार्चमध्ये, काही कारण नसताना, सगळं परत गेलं. चार दिवस मी उठलेच नाही. वही उघडली नाही.

पाचव्या दिवशी यांचा तोल सुटला. "अगं तुला कमी काय आहे? घर आहे, नोकरी आहे, म्हातारी तुझ्यासाठी झुरतेय. तुला उठायला काय होतं?" इतक्या महिन्यांत ते पहिल्यांदाच ओरडले होते. मी भिंतीकडे तोंड केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी डोळे उघडले तर हे बूट घालून माझ्या चपला हातात घेऊन उभे. "मी येतो. बोलायचं नाही ना, मग बरंच आहे. मलाही काल फार बोलून झालंय."

आम्ही निघालो. हे दहा पावलं मागे. सोबत चाललेलं नवसाला चालतं की नाही याची त्यांना खात्री नव्हती म्हणून दहा पावलं. मी वळून बघायचे तेव्हा ते रस्त्याकडे बघत चालत असायचे, पोट पुढे, धाप लागलेली. उपरण्याचा पटका डोक्याला बांधलेला, ऊन लागतं म्हणून. मी थांबू शकले नसते का? शकले असते. पण मागून माझा माणूस येत होता.

त्या आठवड्यात मी एकदाही स्वतःहून निघाले नाही. रोज त्यांनी काढलं. पुढच्या आठवड्यात गुण पुन्हा वर सरकायला लागले. डॉक्टर म्हणाले, "असं मागे जाणं धरूनच चालायचं. गोळ्या मनाने सोडू नका, चालणं मनाने सोडू नका." ही दोन्ही वाक्यं मी आजारी माणसाला आवर्जून सांगते. नुसतं चालून मी बरी झाले असा माझा दावा नाही. मी गोळ्या पुढे वर्षभर घेतल्या. पण गोळ्यांनी मला उभं केलं, आणि चालण्याने मला चव आणून दिली, असं मला तरी वाटतं.

एप्रिलच्या उन्हात परत येताना एका रसवंतीपाशी हे थांबले, बोटांनी दोन अशी खूण केली. उसाचा रस, आलं-लिंबू घातलेला. मी ग्लास संपवला आणि रिकामा ग्लास पुन्हा पुढे केला. माझं माझ्याच लक्षात आलं नाही. यांच्या आलं. ते पटक्याच्या टोकाने डोळे पुसायला लागले.

घराचा उंबरा ओलांडला आणि मी म्हटलं, "आत्याबाई, रस प्यायले. गोड लागला."

त्या हातातलं टाकून उठल्या. आत गेल्या. डबा शोधण्याचा आवाज आला. थोड्या वेळाने बाहेर आल्या तेव्हा बोटाला आणि दातांना मिसरी होती, आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी. तशाच तोंडाने त्यांनी मला जवळ घेतलं. माझ्या साडीचा खांदा काळा झाला. मला त्यांच्या तोंडाचा वास आला आणि तो मला आवडला.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा चालायला निघाले. आता नवस नव्हता. मला जायचं होतं.

आठवण

मे महिन्यात एका संध्याकाळी खालच्या अंगणात पोरी दोरीवर उड्या मारत होत्या. एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट. मी गॅलरीत गहू निवडत होते. आणि एकदम माझ्या छातीत कळ आली. मंजू इथे नाही. सहा महिने नाही. तिचे दात पडले असतील, उंची वाढली असेल, आणि मी बघितलेलं नाही.

मी रडले. सूप बाजूला ठेवून पोटभर रडले. सहा महिन्यांत न आलेलं सगळं एकदम आलं. फार दुखलं, आणि त्या दुखण्याने मला इतकं बरं वाटलं की मी यांना हाका मारमारून बोलावलं. "अहो, मला तिची आठवण येतेय!" हे धावत आले आणि माझ्याशेजारी गव्हातच बसले.

दिंडोरी

चार दिवसांनी मी एकटी दिंडोरीला गेले. जूनचा दाखला घ्यायच्या आत मुलीला परत आणायचं होतं. माझी वहिनी, म्हणजे मंजूची मामी, बांधावर उभी होती. तिच्यामागे मंजू. काळी पडलेली, अंगाने भरलेली. तिने मला वाकून नमस्कार केला. पाहुण्यांना करतात तसा.

"आई, पाणी देऊ?" ती म्हणाली.

तीन दिवस ती माझ्याशी असंच वागली. मी जवळ बसले की जरा सरकायची. माझ्यासमोर आवाज काढायचा नाही हे ती शिकली होती, आणि ते मीच शिकवलं होतं. तिसऱ्या दिवशी मी विचारलं, "मंजू, येतेस ना घरी?"

तिने मामीकडे बघितलं. "मी इथंच राहू का?" मग खाली बघून म्हणाली, "तिथं आई झोपलेली असते."

दादा तिला रागवायला निघाले. मी त्यांना थांबवलं. ओढून नेणं मला जमलं असतं, पण मला तिला ओढायचं नव्हतं. विहिरीमागे जाऊन मी पुष्कळ रडले. वहिनी म्हणाली, "वन्सं, पोर हाय ती. तिला कळायला येळ लागंल. दिवाळीला बघू." वहिनीचेही डोळे भरले होते. तिनेही जीव लावला होता.

चौथ्या दिवशी दुपारी मी एकटीच परत निघाले. वहिनी आणि मंजू मला थांब्यापर्यंत पोचवायला आल्या. वहिनीने कैऱ्यांची पिशवी दिली होती, ती मंजूने हट्टाने स्वतः उचलली होती. नाशिकची लाल गाडी आली आणि एसटीवाल्यांच्या रीतीप्रमाणे थांब्यावर न थांबता शंभरेक पावलं पुढे जाऊन थांबली.

"पळ, आई!" मंजू ओरडली आणि पिशवी घेऊन सुटली. मीही सुटले. निऱ्या एका हातात, चपला फटफट वाजतायत, आणि माझे पाय पळतायत. चार महिने रोज चाललेले पाय. मी तिला गाठलं, आम्ही एकदमच दारापाशी पोचलो, ती पिशवी ठेवायला आधी चढली, मागून मी. कंडक्टरने दोरी ओढली आणि गाडी हलली.

"ताई, पोरगी यायची का उतरायची?" कंडक्टर ओरडला. "लवकर बोला, गाडी उभी नाय राहणार."

येणार आहे, असं ओरडून सांगावंसं मला वाटत होतं. मी ओठ घट्ट मिटले आणि दांड्याला धरून उभी राहिले. मंजू धापा टाकत माझ्याकडे बघत होती. माझा घाम, सुटलेला अंबाडा, सगळं नीट बघत होती.

"आई, तू पळालीस," ती म्हणाली.

"हो."

"माझ्याइतकी जोरात."

"हो."

तिने मागच्या काचेतून बघितलं. वहिनी रस्त्याच्या मधोमध उभी होती आणि दोन्ही हातांनी जा, जा अशी खूण करत होती. मंजू वळली. "नाशिक," ती कंडक्टरला म्हणाली. "एक फुल, एक हाफ."

त्याने तिकिटं फाडली. ती तिने आपल्या मुठीत घेतली, रिकाम्या बाकावर खिडकीपाशी सरकून बसली, आणि मला शेजारी जागा करून दिली.